घाटमाथा या शब्दाची व्याप्ती

डोंगराच्या उंच भागांसाठी मराठीत शब्दांची टंचाई नाही. टोकदार उंचवट्याला शिखर, एकट्या उभ्या कातळाला सुळका, दोन्ही बाजूंना उतार असलेल्या अरुंद पाठीला धार, मुख्य डोंगरापासून खाली उतरत गेलेल्या फाट्याला सोंड किंवा दांड, तुटलेल्या उभ्या बाजूला कडा आणि वरच्या सपाटीला पठार किंवा सडा म्हणतात, आणि सह्याद्रीच्या वाड्यावस्त्यांतील माणसे या शब्दांत सहसा गल्लत करीत नाहीत. हे सर्व शब्द डोंगराच्या आकारावरून पडलेले आहेत. ‘घाटमाथा’ हा शब्द मात्र या कुळातला नाही. त्याचे पहिले पद डोंगराचे वर्णन करीत नाही, ते वाटेचे नाव आहे. आणि म्हणूनच पाठ्यपुस्तकांत किंवा सरकारी कागदांत घाटमाथा म्हणजे ‘पर्वताची शिखररेषा’ असा सरळ अर्थ लावला जातो तेव्हा त्यातून होणारा गोंधळ केवळ कोशकारांपुरता राहत नाही, तो पावसाच्या इशाऱ्यापासून नदीच्या पाणीवाटपापर्यंत पोहोचतो.

‘घाट’ या शब्दाचे दोन अर्थ आजही शेजारी शेजारी नांदतात. नदीत उतरण्यासाठी बांधलेल्या पायऱ्या हा एक, आणि डोंगर चढण्या-उतरण्याची वाट हा दुसरा. दोन्ही ठिकाणी उतरण्याची क्रिया मुख्य आहे, उंचीला फारसे महत्त्व नाही. बोरघाट, थळघाट, नाणेघाट, कुंभार्ली, आंबा, फोंडा ही सारी वाटांची नावे आहेत आणि त्या वाटा ज्या डोंगरातून जातात त्या डोंगराचे नाव सह्याद्री असे स्वतंत्र आहे. युरोपीय व्यापारी व नकाशे काढणारे किनाऱ्यावरून आत येताना त्यांना प्रथम भेटल्या त्या वाटा, आणि त्यांनी वाटेचेच नाव साऱ्या पर्वताला देऊन टाकले. तेच ‘पश्चिम घाट’ या रूपात मराठीत परत आले आणि आता शासकीय भाषेत इतके रुळले आहे की ते उपटून काढण्याचा खटाटोप व्यर्थ ठरेल. परंतु घाटमाथा या जोडशब्दात जुना अर्थ अजून शाबूत आहे. घाटमाथा म्हणजे घाटाचा माथा, चढणारी वाट जिथे संपते आणि सपाटी लागते ती जागा. पर्वताचा माथा हा त्याचा मूळ अर्थ नव्हे.

हा भेद कळण्यास मुंबई-पुणे लोहमार्गाचे उदाहरण पुरेसे आहे. पुण्याकडे निघालेल्या गाडीला कर्जत स्थानकात मागून जादा इंजिने जोडली जातात, ती गाडीला रेटत वर नेतात आणि लोणावळ्याला काढून घेतली जातात. कर्जत आणि लोणावळा यांच्यातील सुमारे 28 किलोमीटरांच्या अंतरात गाडी साडेपाचशे मीटरांहून अधिक उंची चढते. हा मार्ग 1863 साली सुरू झाला तेव्हापासून त्याची कमाल चढण 37 मीटरांना 1 मीटर अशी राहिली आहे. इतकी मेहनत करून डोंगर चढल्यावर पलीकडे तितकाच उतार असावा अशी कोणाचीही अपेक्षा असेल. प्रत्यक्षात लोणावळ्यापासून पुण्यापर्यंतच्या चौसष्ट-पासष्ट किलोमीटरांत गाडी जेमतेम साठ-सत्तर मीटर खाली येते. म्हणजे घाट चढला जातो, पण तो उतरण्याचा प्रसंग पलीकडे येतच नाही. हिमालयातील खिंड ओलांडणाऱ्याला एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूने उतरावे लागते, त्यामुळे तिथे खिंड हा दोन दऱ्यांमधला दुवा ठरतो. सह्याद्रीचा घाट हा खालचा मुलूख आणि वरचा मुलूख यांना जोडणारा जिना आहे. रेल्वेने बोरघाटाची सुरुवात व शेवट ठरवताना नकळत घाटमाथ्याची व्याख्याच करून ठेवली आहे, आणि ती बऱ्याच कोशांतील व्याख्येपेक्षा नेमकी आहे.

शब्दाला अशी एकांगी रचना लाभण्याचे कारण भूरचनेत आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या भेगांतून आलेल्या लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचे पठार बनले. हे थर बव्हंशी आडवे असल्यामुळे त्यांच्या झिजेतून टोकदार शिखरांपेक्षा सपाट माथ्याचे आणि पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर तयार झाले. पुढे भारताचा पश्चिम किनारा तुटून वेगळा झाला आणि किनाऱ्यालगतची ही तुटलेली कड पावसाने व आखूड, वेगवान नद्यांनी झिजत झिजत पूर्वेकडे मागे सरकली. भूशास्त्राच्या दृष्टीने सह्याद्री ही घडी पडून उचलली गेलेली पर्वतरांग नव्हे, ती पठाराची उभी तुटलेली कड आहे. तिच्या पश्चिमेला कोकण आहे आणि पूर्वेला, बहुतेक ठिकाणी, फक्त पठार आहे. इंद्रायणी किंवा आंद्रा यांच्या खोऱ्यांत हे उघड दिसते. मावळातील ही खोरी आपल्या उगमाशीच एवढी रुंद आहेत की तिथून वाहणारा ओहोळ ती कोरू शकला असेल यावर विश्वास बसत नाही, कारण त्या नद्यांचा वरचा भाग पश्चिमवाहिनी नद्यांनी कड मागे खात केव्हाच गिळला आहे. उल्हास नदीची खंडाळ्याखालची खोल दरी आणि तिच्या माथ्याशी सुरू होणारे इंद्रायणीचे पसरट खोरे ही एकमेकांना लागून असलेली दोन दृश्ये म्हणजे नदीचौर्याचा, म्हणजे एका नदीने दुसरीचे पाणलोट क्षेत्र बळकावण्याचा, बोलका पुरावा आहे.

पर्वत असा असेल तर त्याचा ‘माथा’ शोधताना तीन वेगवेगळ्या गोष्टी समोर येतात. कोकणाच्या बाजूने जमीन जिथे एकदम तुटते तो काठ ही पहिली. ज्या रेषेवर पावसाचे पाणी दुभंगून काही अरबी समुद्राकडे आणि काही बंगालच्या उपसागराकडे जाते तो जलविभाजक ही दुसरी. आणि सर्वांत उंच शिखरे ज्यावर उभी आहेत ती रेषा ही तिसरी. हिमालयाखेरीज इतर पुष्कळ पर्वतांत या तिन्ही रेषा एकाच ठिकाणी येतात आणि तिथे एका शब्दावर भागते. सह्याद्रीत त्या एकत्र येतीलच याची खात्री नाही. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई 1,646 मीटर उंच आहे, परंतु ते कोकणच्या काठावर नसून मुख्य रांगेपासून पूर्वेकडे फुटलेल्या फाट्यावर आहे. त्याच्या उत्तर उतारावरचे पाणी दारणेला आणि दक्षिण उतारावरचे प्रवरेला मिळते, आणि दोन्ही नद्या शेवटी गोदावरीतच जातात. राज्यातील सर्वांत उंच डोंगर दोन समुद्रांमध्ये पाण्याची वाटणी करीतच नाही. 1,567 मीटरांचा साल्हेर बागलाणात सेलबारी-डोलबारी रांगेवर आहे. राजगड आणि तोरणा यांचेही तसेच, ते काठाच्या आत पूर्वेकडे सरकलेले आहेत. उंचीची रेषा आणि काठाची रेषा यांत अंतर पडल्यामुळे घाटमाथ्याला शिखररेषा म्हणणे वस्तुस्थितीला धरून होत नाही.

कोयना नदीने तर हा प्रश्न आणखी अवघड केला आहे. महाबळेश्वरला उगम पावून ती सरळ पूर्वेला न जाता मुख्य कड आणि बामणोलीची रांग यांच्या मधून सुमारे 65 किलोमीटर दक्षिणेला वाहते आणि हेळवाकजवळ काटकोनात वळून कऱ्हाडला कृष्णेला मिळते. म्हणजे या भागात दोन समांतर माथे आहेत आणि मधल्या दरीतील माणूस पूर्वेला पाहिले तरी डोंगर आणि पश्चिमेला पाहिले तरी डोंगर अशा ठिकाणी राहतो. त्यात अभियंत्यांनी निसर्गाची वाटणीही बदलली. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातील पाणी डोंगराच्या पोटातील बोगद्यांतून पोफळीच्या वीजगृहांकडे उतरवले जाते आणि चिपळूणच्या वाशिष्ठीला मिळते, त्यामुळे कृष्णेच्या खोऱ्यात पडलेल्या पावसाचा मोठा हिस्सा कोकणात जातो. हीच गोष्ट टाटांच्या वीजनिर्मितीने त्याआधीच केली होती: खोपोलीचे वीजगृह 1915 साली सुरू झाले, आणि पुढे भिवपुरी व भिरा येथील वीजगृहांसाठी भीमेच्या खोऱ्यातले पाणी पश्चिमेकडे सोडले गेले. मुळशी धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली 1921 ते 1924 या काळात झालेला सत्याग्रह बुडणाऱ्या जमिनीसाठी होता हे खरे. परंतु ज्या वीजयोजनेसाठी ती जमीन बुडवली गेली तिची सारी कल्पना पूर्वेचे पाणी काठावरून पश्चिमेला पाडण्यावर उभी होती. पाचशे मीटरांचा आयता उतार दुसरीकडे मिळाला नसता. या भागापुरता जलविभाजक आता नकाशावर आहे, पाण्याच्या हिशोबात नाही.

शब्द कोणत्या बाजूने उच्चारला जातो यालाही महत्त्व आहे. घाट हा शब्द खालून वर पाहणाऱ्याचा आहे, कारण चढण त्याच्या वाट्याला येते; म्हणून कोकणातला माणूस पलीकडच्या मुलखाला ‘घाटावर’ म्हणतो आणि तिथल्या माणसाला घाटी. मुंबईच्या गिरण्यांत व गोदीत देशावरचे मजूर आले तेव्हा या शब्दाला जे तुच्छतेचे टोक आले ते अजून बोथट झालेले नाही, आणि गोव्यात ‘घांटी’ या रूपात तेच टोक आहे. ज्यांना हा शब्द लावला जातो ते लोक स्वतःला घाटावरचे म्हणवून घेत नाहीत, ते देशावरचे किंवा मावळातले असतात. उलट वरून पाहणाऱ्याने दिलेली नावे खालच्या मुलखावरून पडतात. हरिश्चंद्रगडाच्या पश्चिमेचा प्रचंड अर्धगोल कातळ अहिल्यानगर जिल्ह्याच्या बाजूला, देशावर आहे, तरी त्याचे नाव कोकणकडा आहे, कारण तिथे उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेसमोर कोकण असते. एकाच काठाला खालून घाटमाथा आणि वरून कोकणकडा म्हणणारी ही भाषा डोंगराकडे दोन बाजूंनी पाहते.

नाणेघाटात हे प्रत्यक्ष पाहता येते. जुन्नर आणि कल्याण-सोपाऱ्याची बंदरे यांच्यामधील ही जुनी व्यापारी वाट. कोकणातून येणारी दगडी चढण एका अरुंद चिरेतून वर शिरते, शेवटच्या टप्प्यात दोन्ही बाजूंचे कातळ जवळ येतात, डाव्या-उजव्या हाताला कोरलेल्या गुहा लागतात आणि त्यांतील एका गुहेच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील प्रसिद्ध लेख आहे, ज्यात यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दानांची आकड्यांनिशी नोंद आहे. चिरेतून बाहेर पडताच माथ्यावर एक मोठा दगडी रांजण दिसतो. जकातीची नाणी त्यात टाकली जात असे परंपरा सांगते. त्यापुढे लगेच सपाट माळ सुरू होतो. सातवाहनांनी लेख कोरण्यासाठी जवळचे एखादे उंच शिखर निवडले नाही, त्यांनी वाटेचे तोंड निवडले. सत्तेला ज्या जागेची गरज होती ती सर्वांत उंच जागा नव्हती, जिथून प्रत्येकाला जावेच लागते ती होती. आणि तीच जागा घाटमाथा. शिवकाळातही हेच दिसते. 1661 साली मोगल सरदार कारतलबखान लोणावळ्याजवळच्या कुरवंड्याच्या घाटाने खाली उतरू लागला आणि उंबरखिंडीत अडकला, कारण माथ्यावरून एकदा उतरणीला लागलेल्या फौजेला मागे वळणे जवळजवळ अशक्य असते.

घाट या शब्दाची सह्याद्रीशी एवढी जवळीक असली तरी त्याचा अर्थ सह्याद्रीवर अवलंबून नाही, आणि याचा उत्तम दाखला विदर्भ देतो. मोगल काळात वऱ्हाडचे दोन भाग मानले जात. पूर्णेच्या खोऱ्यातील सखल काळ्या जमिनीचा तो पायानघाट, आणि अजिंठ्याच्या रांगेवरच्या उंच मुलखाचा तो बालाघाट. फारसीतील ‘बाला’ म्हणजे वरचा; बालेकिल्ल्यातील ‘बाले’ तोच. आजही बुलढाणा जिल्ह्यात मेहकर-चिखलीकडचे तालुके घाटावरचे आणि खामगाव-मलकापूरकडचे घाटाखालचे असे म्हणण्याची रीत आहे, वर्तमानपत्रे ती सर्रास वापरतात, आणि तिथून सह्याद्रीची कड बरीच दूर आहे. पुढे बालाघाट हे मुलखाचे नाव सरकत सरकत मराठवाड्यातील डोंगररांगेला चिकटले, आणि आता नकाशात हरिश्चंद्र-बालाघाट ही गोदावरी व भीमा यांच्यामधली रांग म्हणून दाखवली जाते. वाटेवरून मुलूख आणि मुलखावरून डोंगर हा प्रवास पश्चिम घाट या नावाने केला तसाच बालाघाटानेही केला. फरक एवढाच की त्याचा दोष युरोपीय नकाशाकारांना देता येत नाही.

आता आधुनिक वापराकडे यावे. गेल्या काही वर्षांपासून हवामान विभाग पुणे, सातारा, कोल्हापूर आणि नाशिक या जिल्ह्यांसाठी पावसाचे इशारे देताना घाटमाथ्याचा वेगळा उल्लेख करतो. हा बदल स्वागतार्ह आहे, कारण एका जिल्ह्यातही पाऊस सारखा पडत नाही. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तिथून पाचगणीमार्गे वाईला येईपर्यंत तो हजाराच्या खाली घसरतो. वारा काठावर आपटून वर चढतो, थंड होतो आणि पाणी सोडतो. पठारावर आत शिरेपर्यंत त्याच्याजवळ फारसे उरलेले नसते. इथे घाटमाथा हा शब्द रेषा म्हणून वापरलेला नाही, काठापासून काही किलोमीटर आत पसरलेला पट्टा म्हणून वापरलेला आहे, आणि लोकभाषेला तो अर्थ अगदी मानवतो. अडचण निराळी आहे. हा पट्टा काठाच्या केवळ पूर्वेकडचा, कारण पश्चिमेकडचे रायगड किंवा रत्नागिरी हे जिल्हे कोकण म्हणून अखंड धरले जातात. 30 जुलै 2014 रोजी डोंगर कोसळून गाडले गेलेले माळीण पुणे जिल्ह्यात, काठाच्या पूर्वेला होते. 22 जुलै 2021 रोजी दरडीखाली गेलेले तळीये महाड तालुक्यात, काठाच्या पायथ्याशी. 2023 च्या जुलैत दरड कोसळलेली इरशाळवाडी मुख्य कडेपासून सुटलेल्या डोंगरावर, रायगड जिल्ह्यातच. तिन्ही ठिकाणी घातक ठरला तो एकाच जातीचा पाऊस आणि एकाच जातीचा उतार, पण घाटमाथा या शीर्षकाखाली त्यांपैकी फक्त माळीण येते. अलिबागचा किनारा आणि तळीयेची वाडी यांना एका रंगाचा इशारा देण्यापेक्षा माथा आणि त्याचा पायथा मिळून एक घाटपट्टा मानणे अधिक शहाणपणाचे ठरेल, मग तो पट्टा दोन जिल्ह्यांत का विभागला जाईना.

पर्यावरणाच्या कायद्यात व्याख्येची ही सैलता थेट हजारो चौरस किलोमीटरांत मोजता येते. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 2011 च्या अहवालात पश्चिम घाटाचे क्षेत्र सुमारे 1,29,000 चौरस किलोमीटर धरले. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालील गटाने दोन वर्षांनी तेच क्षेत्र सुमारे 1,64,000 चौरस किलोमीटर धरले. पर्वत तोच होता. त्याची पूर्वेकडची हद्द कुठे संपते याचे निकष बदलले होते. शिखर आणि पायथा असलेल्या पर्वताच्या बाबतीत एवढी तफावत पडणे कठीण होते, परंतु ज्याला पश्चिमेकडे स्पष्ट काठ आहे आणि पूर्वेकडे काठच नाही अशा भूरूपाची हद्द कुठेही ओढली तरी ती थोडीफार मनमानी असणारच. या अहवालांवरून झालेल्या वादात दोन्ही बाजूंनी पर्यावरण आणि विकास यांवर भरपूर बोलले गेले. ज्या वस्तूचे रक्षण करायचे ती पूर्वेला कुठे संपते हा साधा प्रश्न मात्र तज्ज्ञांच्या तक्त्यांतच राहिला.

दक्षिणेकडे गेले की या शब्दाची मर्यादाही दिसू लागते. महाराष्ट्रातील बऱ्याचशा भागात काठ आणि जलविभाजक एकमेकांना जवळजवळ चिकटून चालतात, त्यामुळे घाटमाथा म्हटले की पाणी इथेच दुभंगते असे गृहीत धरण्याची सवय लागते. कोल्हापूरच्या चंदगड तालुक्यात ही सवय मोडते. तिलारी तिथे घाटावरच उगम पावते, पण पूर्वेला न जाता कडेवरून दोडामार्गकडे कोकणात उतरते. कर्नाटकात शरावती माथ्यामागच्या मलनाडात उगम पावून बरेच अंतर पठारावरून वाहते आणि मग जोगच्या धबधब्याने 253 मीटर खाली कोसळते. म्हादईचेही तसेच. तिचा उगम बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात देगावजवळ, घाटाच्या वर आहे. आणि उगमाकडचे ओढे बोगदे व कालवे काढून मलप्रभेत वळवावेत या कर्नाटकाच्या योजनेला गोव्याने विरोध केला. 2010 साली नेमलेल्या लवादाने 2018 च्या ऑगस्टमध्ये निवाडा देऊन कर्नाटकाला 13.42, गोव्याला 24 आणि महाराष्ट्राला 1.33 टीएमसी पाणी दिले, तरी वाद शमलेला नाही. वादातील मुलूख घाटावरचा आहे, म्हणून तो देशाचा, असे एका बाजूला वाटते. पाणी मात्र स्वभावतः खाली कोकणात उतरणारे आहे, म्हणून दुसरी बाजू त्यावर आपला हक्क सांगते. काठाच्या वर पण जलविभाजकाच्या पश्चिमेला असलेल्या या भूभागासाठी मराठीत रूढ शब्द नाही, कारण नाशिकपासून कोल्हापूरपर्यंतच्या लोकांना त्याची फारशी गरजच पडली नव्हती, आणि जिथे ती पडते तिथे मराठी, कोकणी व कानडी यांची हद्द लागते.